पान निकस झाले की अळी उपाशी मरते का?

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : "हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की पानातले नत्र घटते आणि अशा पानांवर अळ्यांची वाढ खुंटते, असे आम्हाला शिकवले. म्हणजे पुढे किडी कमी व्हायला हव्यात. पण आमच्या घरी सोयाबीन आणि कपाशीवरच्या फवारण्या दरवर्षी वाढतच आहेत. यातले खरे काय मानायचे?"

तुम्हाला शिकवले ते बरोबरच आहे, पण ते अळीच्या बाजूने सांगितलेले आहे. शेताच्या बाजूने पाहिले की हिशेब बदलतो. अळी अशक्त राहिली म्हणून पीक वाचत नाही, कारण अशक्त अळी जास्त दिवस खात राहते. शिवाय किडी म्हणजे नुसत्या अळ्या नव्हेत. कीड पान कुरतडणारी आहे की रस शोषणारी, पीक कोणत्या गटातले आहे आणि जमिनीत नत्र किती आहे, एवढे कळल्याशिवाय या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणता येत नाही. मी बरीच वर्षे ओपन टॉप चेंबरमधल्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या, वरून उघड्या कक्षांतल्या पानांवर अळ्या पोसल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करतो. बंदिस्त कोठीतल्या धान्यातली कीड मारायला कार्बन डायऑक्साइड सोडतात, प्रयोगशाळेत फळमाश्या बेशुद्ध करायलाही तोच वापरतात. त्यामुळे हा वायू वाढला की कीटकांना थेट त्रास होईल, असे अनेकांना वाटते. पण कोठीतल्या हवेत त्याचे प्रमाण निम्म्याच्या वर नेलेले असते. बाहेरच्या हवेत औद्योगिक क्रांतीपूर्वी ते दहा लाखांत २८० भाग, म्हणजे २८० पीपीएम होते. १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ इथे चार्ल्स कीलिंग यांनी मोजमाप सुरू केले तेव्हा ३१५ च्या आसपास होते, आज ४२० च्या वर आहे. शेकड्यात सांगायचे तर ०.०४ टक्के. जमिनीत राहणारी हुमणी याच्या कितीतरी पट जास्त कर्बवायूत, म्हणजे कार्बन डायऑक्साइडमध्ये, आयुष्य काढते (पुढे मी त्याला नुसते कर्ब म्हणतो). तेव्हा वाढलेल्या कर्बाचा किडीवर जो परिणाम होतो, तो जवळजवळ सगळा पानातून होतो.

पानात काय होते ते नीट समजून घ्या, पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. कपाशी, सोयाबीन, तूर, हरभरा, भात, गहू, एरंडी ही सी-३ गटातली पिके (पान हवेतला कर्ब कसा पकडते त्यावरून सी-३ आणि सी-४ असे गट पाडतात). त्यांच्या पानात कर्ब पकडण्याचे काम रुबिस्को हे विकर (एन्झाइम) करते, आणि पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत प्रथिने या एका विकरातच असू शकतात. हवेत कर्ब मुबलक झाला की रुबिस्को कमी असले तरी झाडाचे भागते, म्हणून झाड ते कमी बनवते. दुसरीकडे पर्णरंध्रे आकसतात, पाणी कमी उडते आणि त्या पाण्याबरोबर मुळांतून वर येणारे नत्रही कमी येते. तिसरीकडे साखर आणि पिष्ट पानात साठत जाते. पाहुणे वाढले की आपण वरणात पाणी वाढवतो, पण डाळ तेवढीच राहते. पानाचे तसेच होते. वजन वाढते, घासागणिक प्रथिन कमी होते. उरलेल्या कर्बातून झाड टॅनिनसारखी कडवट द्रव्येही जास्त बनवते.

आता अळीचे पाहू. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेत, म्हणजे क्रीडामध्ये, ५५० आणि ७०० पीपीएम कर्बवायूत वाढवलेल्या एरंडीची पाने उंट अळीला आणि तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीला खाऊ घालण्याचे प्रयोग झाले. त्या पानांत नत्र कमी आणि पॉलिफिनॉल, म्हणजे टॅनिनच्या गटातली द्रव्ये, जास्त आढळली. अळ्यांनी साध्या हवेतल्या पानांपेक्षा जास्त पान खाल्ले, खाल्लेले अंगी लागण्याचे प्रमाण घसरले आणि कोषात जायला त्यांना जास्त दिवस लागले.

हे वाक्य पुस्तकात एका ओळीत संपते, पण प्रत्यक्ष काम पाहिलेत तर कायमचे लक्षात राहील. सकाळी पान तोडायचे, देठाला ओला कापूस गुंडाळायचा, वजन करायचे आणि एका डबीत एकच अळी सोडायची. दुसऱ्या दिवशी उरलेले पान, विष्ठा आणि अळी यांची वेगवेगळी वजने घ्यायची. शेजारी एक डबी अळीशिवाय ठेवायची, म्हणजे पान नुसते सुकून किती हलके झाले ते कळते. ती डबी विसरलात तर सुकलेले सगळे पान अळीच्या पोटात गेले असे आकडे सांगतील. वाढीव कर्बाच्या रांगेत आधी नजरेत भरते ती विष्ठा. कोरड्या काळपट दाण्यांचा थर तळाशी जाड दिसतो. अळी पान चघळत असते, ते आतड्यातून जात असते, पण तिला हवे ते नत्र त्यात पुरेसे नसते, म्हणून ती पुन्हा पानाकडे वळते. शेजारच्या रांगेतल्या अळ्या कात टाकून मोकळ्या झालेल्या असतात, तेव्हा हिची शेवटची कात अजून बाकी असते. पुढे कोष तोलले की ते किंचित हलके भरतात. आम्ही याला भरपाईचे खाणे म्हणतो.

अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून पीटर स्टिलिंग आणि तातियाना कॉर्नेलिसेन यांनी २००७ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. वाढीव कर्बात पानातले नत्र सरासरी १६ टक्क्यांनी घटते, टॅनिन जवळपास ३० टक्क्यांनी वाढते, किडींचे खाणे साधारण १६ टक्क्यांनी वाढते, त्यांच्या वाढीचा वेग ८ टक्क्यांच्या आसपास मंदावतो आणि संख्या २० टक्क्यांहून थोडी जास्त घटते, असा त्याचा गोषवारा आहे. तुमच्या वर्गातले विधान इथून आलेले असणार. पण संख्या घटली आणि खाणे वाढले, म्हणजे शेवटी नुकसान जरा कमीच, असा गुणाकार कृपा करून करू नका. हे आकडे वेगवेगळ्या झाडांवरच्या वेगवेगळ्या कीटकांचे आहेत. संख्या घटल्याचे ठळक पुरावे फ्लोरिडात केनेडी अंतराळ केंद्राच्या परिसरातल्या खुरट्या ओक झाडांवरून आले, आणि तिथे प्रामुख्याने नागअळ्या मोजल्या होत्या. नागअळी पानाच्या दोन पदरांत अडकलेली असते. निकस पानात तिला बोगदा लांबवावा लागतो, मुक्काम वाढतो आणि तेवढ्या वेळात परोपजीवी गांधीलमाश्या तिला गाठतात. बोंडात किंवा शेंगेत शिरून बसलेल्या अळीला हा हिशेब तसाच्या तसा लावता येणार नाही.

मंद वाढीचा फायदा मित्रकीटकांना मिळतो, हे मात्र मला महत्त्वाचे वाटते. अळी दोन दिवस जास्त उघड्यावर राहिली तर किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामाला नाही, पण अळीवर अंडी घालणारे ब्रॅकॉनसारखे परोपजीवी आणि पक्षी यांना दोन दिवस जास्त मिळतात. अट एकच, शेतात ते शिल्लक असले पाहिजेत. पहिल्या महिन्यातच दोन-तीन प्रखर फवारण्या झालेल्या शेतात ते नसतात. तिथे मंद अळी म्हणजे जास्त दिवस खाणारी अळी, एवढेच उरते.

सोयाबीन हे तुमच्या घरचे पीक, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात. वाढीव कर्बात साखर जास्त झाली की गाठींतल्या जिवाणूंनाही ती जास्त मिळते आणि ते हवेतले नत्र जास्त पकडतात. त्यामुळे डाळवर्गीय पिकांच्या पानातले नत्र एरंडी-कपाशीइतके घसरत नाही. मग अळी उपाशी राहण्याचा मुद्दाच कमजोर पडतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने २००१ पासून उघड्या शेतात, प्लास्टिकच्या भिंती न घालता, नळ्यांच्या कड्यांतून वायू सोडून ५५० पीपीएमवर सोयाबीन वाढवले. तिथे एका हंगामात वाढीव कर्बाच्या वाफ्यांत पानांचे किडींनी केलेले नुकसान ५७ टक्क्यांनी जास्त भरले. जपानी भुंगा, मेक्सिकन बीन बीटल आणि इतर अनेक कीटक मोकळ्या शेतातून उडत येऊन तिथे जमले होते.

सुरुवातीला वाटले की पानात साखर जवळपास तिसऱ्या हिश्शाने वाढली आहे, म्हणून भुंगे येत असावेत. साखर हे एक कारण होतेच. पण त्या पानांवर भुंगे जास्त दिवस जगले, आणि नुसती जादा साखर खाऊ घातली तेव्हा तसे आयुष्य वाढले नाही. पुढे २००८ मध्ये मूळ कारण सापडले. पान कुरतडले गेले की झाडात जॅस्मोनिक आम्लाचा निरोप फिरतो आणि झाड किडीच्या पोटातली पचनविकरे बंद पाडणारी प्रथिने बनवते. वाढीव कर्बात हा निरोपच क्षीण झाला होता. झाड भरघोस दिसत होते, पण दाराची कडी निघालेली होती.

इथे एक बारकावा आहे आणि तो तुम्ही परीक्षेत नव्हे, शेतात वापरा. ती रोधक प्रथिने सिस्टीन प्रकारच्या पचनविकरांवर काम करतात, आणि तशी विकरे मुख्यतः भुंग्यांच्या पोटात असतात. अळ्यांचे पचन बहुतांशी ट्रिप्सिनसारख्या विकरांवर चालते. तेव्हा इलिनॉयचा निष्कर्ष उचलून आपल्याकडच्या उंट अळीला लावणे घाईचे होईल. सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याबाबत मात्र तसाच प्रयोग आपल्या हवेत व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते. तो भुंगा आहे, देठाला आणि खोडाला दोन गोल खाचा पाडून मधे अंडी घालतो, आणि त्याची अळी खोडात बसून खाते.

आता रस शोषणाऱ्यांकडे वळू, कारण माझ्या मते खरी काळजी इथे आहे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना पान चावायचे नसते, रसवाहिनीत सोंड खुपसायची असते. पर्णरंध्रे आकसल्याने झाडातले पाणी टिकून राहते, पेशी टवटवीत राहतात आणि माव्याला रस ओढणे सोपे जाते. चीनमध्ये वाटाण्यावरच्या माव्यावर झालेल्या कामात हेच दिसले. त्यातच वाढीव कर्बात झाडाची संरक्षणयंत्रणा अनेकदा जॅस्मोनिककडून सॅलिसिलिक आम्ल या दुसऱ्या निरोपाच्या बाजूला झुकते. काही जातींच्या माव्यात आणखी एक गोष्ट नोंदली आहे : शत्रू आला की एक मावा जो धोक्याचा गंध सोडतो, त्याला बाकीचे नेहमीसारखे दाद देत नाहीत, जागेवरच बसून राहतात. सगळे मावे सगळ्या पिकांवर वाढतातच असे नाही, काही प्रयोगांत ते घटलेही आहेत. पण कुरतडणाऱ्या किडींचे नियम यांना लागू पडत नाहीत, एवढे नक्की.

आपल्या देशातले उदाहरण भाताचे आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ओपन टॉप चेंबरमध्ये ५७० पीपीएमच्या आसपास भात वाढवून त्यावर तपकिरी तुडतुडे सोडले. वाढीव कर्बात भाताला फुटवे जास्त आले आणि कीड नसलेल्या भाताचे उत्पादन वाढले. पण तुडतुड्यांची संख्याही खूप वाढली आणि त्यांनी केलेली घट साध्या हवेतल्या घटीपेक्षा जास्त भरली. कर्बाने एका हाताने दिलेले तुडतुड्यांनी बऱ्याच अंशी काढून घेतले. दाट फुटव्यांत बुडाशी सावली आणि ओल राहते, तपकिरी तुडतुड्याला तेच लागते. कोकणात आणि पूर्व विदर्भात भात करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही सी-४ पिके. त्यांच्या पानात कर्ब आधीच एकवटण्याची सोय असते, म्हणून हवेतला वाढीव कर्ब त्यांना फारसा बदलत नाही आणि त्यांच्यावरच्या किडींनाही या वाटेने फारसा फरक पडत नाही. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आली तिचे कारण कर्बात शोधू नका. ती अमेरिका खंडातून आफ्रिकेत आणि तिथून इकडे पसरलेली कीड आहे.

आणि कपाशी? २०१७ मध्ये विदर्भात आणि मराठवाड्यात शेंदरी बोंडअळीने जे केले ते अजून कुणी विसरलेले नाही. त्याचे कारण बीटी कपाशी अळीविरुद्ध स्वतःच्या अंगात जी दोन विषे बनवते त्या दोन्हींना अळीत आलेली प्रतिकारक्षमता, रेफ्युजीच्या, म्हणजे बिगर-बीटी कपाशीच्या ओळी न लावणे आणि फरदड, म्हणजे जुन्याच झाडांवर पुन्हा बोंडे घेऊन हंगाम लांबवणे. पोषण, हवा, कर्ब यांवर त्याचे खापर फोडणे चूक ठरेल. मात्र पुढच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवा. बीटीचे विष हे प्रथिन आहे आणि ते बनवायला झाडाला नत्र लागते. अमेरिकेत ९०० पीपीएमवर वाढवलेल्या बीटी कपाशीला नत्र कमी दिले तेव्हा पानातले विषाचे प्रमाण घटलेले आढळले. ९०० हा आकडा आजपासून खूप दूर आहे. पण कोरडवाहू, हलक्या जमिनीतल्या, खताला पैसे नसलेल्या शेतात नत्राची कमतरता आजही आहे, आणि कमी मात्रेचे विष म्हणजे प्रतिकारक अळ्या निवडून वाढवण्याची सोय. गरीब जमिनीतल्या शेतकऱ्यावर याचा भार आधी पडेल, याचे मला वाईट वाटते.

यावर उपाय म्हणून जास्त युरिया टाकायचा का, असे कुणी ना कुणी विचारतेच. मी तसे कधी सांगणार नाही. जादा युरियाने पान लुसलुशीत होते आणि मावा-तुडतुडे तुटून पडतात. माती तपासून, हप्त्याहप्त्याने, पिकाला हवे तेवढेच नत्र द्यावे.

पिकांबाहेर हाच बदल कसा दिसतो तेही सांगतो, कारण तिथे तो मला जास्त अस्वस्थ करतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात कोन्झा नावाचे राखीव गवताळ रान आहे. तिथे सुमारे दोन दशकांत नाकतोड्यांची संख्या एक तृतीयांशाहून जास्त घटल्याचे २०२० मध्ये मांडले गेले. त्याच काळात गवत दुपटीच्या आसपास वाढले, पण त्यातले नत्र ४२ टक्क्यांनी आणि सोडियम ९० टक्क्यांनी उतरले. रान हिरवेगार दिसत होते आणि त्यातला प्राणी उपाशी होता. कर्ब हे यातले एकमेव कारण म्हणून सिद्ध झालेले नाही, पाऊसपाणीही त्यात आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले गोल्डनरॉड या रानफुलाचे नमुने तपासले, तर १८४२ ते २०१४ या काळात त्याच्या परागातले प्रथिन एक तृतीयांशाने घटलेले निघाले. अमेरिकेत हिवाळ्यापूर्वी मधमाश्यांना मिळणाऱ्या शेवटच्या परागांपैकी हा एक. मधमाशी नत्रासाठी परागावरच जगते, तिला भरपाईचे खाणे करायला फुले तेवढी हवीत.

तेव्हा तुमच्या घरच्या फवारण्या वाढण्याचे कारण आज कर्ब आहे का? माझे उत्तर नाही असे आहे. उष्णता वाढली की किडीची पिढी लवकर पुरी होते, आणि तो परिणाम आजच्या घडीला कर्बापेक्षा जास्त जाणवतो. एकच पीक वर्षानुवर्षे, मित्रकीटकांचा नाश, एकाच गटातली औषधे, पावसाचे लांबलेले खंड, ही कारणे त्याहून जवळची आहेत. कर्ब यांच्या खाली हळूहळू पाया बदलतो आहे. आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे किती किडी झाल्या की फवारणी परवडते ती मर्यादा, ठरवताना एक अळी किती पान खाते हे आपण जुन्या हवेत मोजून धरले आहे. पान निकस झाले की तीच अळी जास्त खाणार, म्हणजे ती पातळी पुन्हा मोजावी लागणार. या कामाला माणसे हवी आहेत.

तुम्हाला प्रकल्प करायचा असेल तर चेंबर नाही म्हणून अडून बसू नका. एकाच वाणाची एरंडी किंवा कपाशी कुंड्यांत लावा, अर्ध्या कुंड्यांना शिफारशीइतके आणि अर्ध्यांना त्याच्या निम्मे नत्र द्या. यात कर्ब वाढत नाही, पण निकस पानाचा जो भाग नत्रामुळे घडतो तो तुमच्या हातात येतो. प्रत्येक पानाचे नत्र प्रयोगशाळेतून मोजून घ्या. अळ्या एकाच अंडीपुंजातल्या घ्या, तिसऱ्या अवस्थेपासून रोज ठरलेल्या वेळी तोला, विष्ठा वाळवून मगच तोला, आणि अळीशिवायची डबी विसरू नका.